शेवटची सबब

फोन घराच्या आत वाजतो आणि माणूस घराच्या बाहेर पळतो. मोबाइल आल्यापासून आपल्या समाजाने मनापासून स्वीकारलेला हा एकमेव व्यायाम. तो करा म्हणून कुठल्याही डॉक्टरला सांगावं लागलेलं नाही. जालन्याहून पंचवीसेक किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात राजुरेश्वर गणपतीचं राजूर आहे. तिथे काय किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, या व्यायामाचे नियम सारखेच. फोन वाजला की हातातला घास ताटात परत ठेवायचा, एक चप्पल स्वतःची आणि एक पाहुण्याची पायात सरकवायची, आणि ‘हॅलो हॅलो’ करत आतल्या खोलीतून ओसरीत, ओसरीतून अंगणात, अंगणातून रस्त्यावर यायचं. तिथे मान तिरपी करून, एक खांदा वर उचलून आवाज येईल असा कोन शोधायचा, आणि तो सापडला की कॉल संपेपर्यंत श्वासही बेतानं घ्यायचा. पुढचं संभाषण ठरलेलं असतं. ‘हॅलो, आवाज येतोय का?’ ‘येतोय ना, बोला तात्या.’ ‘हॅलो?’ ‘अहो येतोय, बोला!’ ‘काहीच ऐकू येईना रे बाबा. थांब, जरा बाहेर येतो.’ ‘तात्या, आत्ता कुठं आहात?’ ‘बाहेरच!’ अशा कॉलमधली पहिली चार मिनिटं आवाज येतो की नाही हे ठरवण्यात जातात, पाचव्या मिनिटाला कॉल तुटतो, आणि मग दोघंही एकाच वेळी एकमेकांना लावत बसल्यामुळे दोघांनाही नंबर व्यस्त मिळतो. प्रश्न असा आहे की हे सगळं थांबवणारी वायफाय कॉलिंगची सोय बऱ्याचशा स्मार्टफोनांत आधीपासून आहे, तिला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि ती चालू करायला एकच बटण दाबावं लागतं. तरीही ती बंद असते. का बंद असते, याचं उत्तर तंत्रज्ञानात शोधून सापडत नाही, म्हणून ते माणसात शोधावं लागतं.

आधी तंत्रज्ञान. साधा कॉल आपल्या फोनमधून टॉवरकडे जातो, टॉवरकडून मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत, आणि तिथून पलीकडच्या माणसाकडे. वायफाय कॉलिंगमध्ये यातला फक्त पहिला टप्पा बदलतो. टॉवरऐवजी घरातल्या राउटरमार्फत, इंटरनेटवरून, कॉल कंपनीच्या त्याच यंत्रणेत पोचतो. नंबर तोच, सिम तेच, डायल करायची जागा तीच, पलीकडच्याला दिसणारं नाव तेच. मांडवाच्या पुढच्या दारात रेटारेटी असली की घरचा माणूस आचाऱ्याच्या बाजूने आत शिरतो आणि सगळ्यांच्याच पंगतीला बसतो, तसा हा प्रकार आहे. पलीकडच्याला वायफाय लागत नाही, इंटरनेट लागत नाही, स्मार्टफोनही लागत नाही. त्याच्याकडे बटणांचा फोन असला, अगदी तारेचा फोन असला तरी चालतं. कंपनी हा कॉल आपल्या नेहमीच्या प्लॅनमध्येच धरते. पाच मिनिटांच्या बोलण्याला साधारण पाच एमबीपेक्षा कमी डेटा लागतो. रोज पहाटे ‘शुभ सकाळ’ म्हणत येणारा गुलाबाचा व्हिडिओ बहुधा याहून जास्त खातो, आणि त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तुला किती डेटा लागतो.

आता ‘राजूरला रेंज नाही’ हे विधान तपासून पाहू. ज्या अर्थी माणूस रस्त्यावर येऊन बोलू शकतो, त्या अर्थी रस्त्यावर रेंज आहे. म्हणजे रेंज गावात आहे, फक्त ती घरात येत नाही. आणि ती का येत नाही याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत गेलं तरी पुरे. तिथल्या कारखान्यांत रात्रंदिवस लोखंड वितळतं, रोलिंग मिलमधून सळया निघतात, आणि त्या सळया महाराष्ट्रभरच्या स्लॅबांत जाऊन बसतात. सळयांची जाळी आणि भोवतीचं काँक्रीट यांतून मोबाइलची लहर बरीचशी गळून जाते. पत्र्याचं छप्पर तर तिला आत घेतच नाही, आल्या वाटेनं परत पाठवतं. खिडकीतून येईल तेवढीच खरी. म्हणजे जालना जिल्ह्याने आपल्याच लोखंडाने आपलीच रेंज अडवली आहे, आणि बाकी महाराष्ट्रालाही हा माल रास्त दरात पुरवला आहे. पूर्वीच्या माळवदाच्या घरांच्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींनीही लहर अडवलीच असती, पण त्या वेळी अडवायला काही नव्हतं. शिवाय आपल्याला वेग हवा. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात. पण २३०० वर आणि फाइव्ह-जीसाठी ३५०० च्या आसपास गेलं, की वेग वाढतो आणि भिंत भारी पडू लागते. घर बांधताना स्वयंपाकघराचं तोंड कुठे, देवघराचं कुठे, शौचालय कुठल्या दिशेला नको, याचा विचार तीन पंचांगं आणि दोन वास्तुतज्ज्ञ मिळून करतात. टॉवर कुठल्या दिशेला आहे हे मात्र गृहप्रवेशाच्या दिवशी, पूजेला बसलेल्या यजमानाला फोन आल्यावर कळतं.

यावर कोणी चिकित्सक म्हणेल की वायफायची लहर तरी कुठे भिंतीची भीड ठेवते? तीही २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झची, म्हणजे वरचीच. आक्षेप बरोबर आहे आणि उत्तर सोपं आहे: टॉवर घराबाहेर असतो, राउटर घरात. टॉवरच्या लहरीला अर्धं गाव, चार भिंती आणि एक स्लॅब ओलांडून यायचं असतं. राउटरच्या लहरीला फार तर टीव्हीच्या खोलीतून शेजारच्या खोलीत. त्यात तिची अडचण होते ती आपल्यामुळे. आपल्याकडे राउटर कुठे ठेवावा याचा एकच निकष आहे, तो दिसू नये. म्हणून तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या वर किंवा देवघराच्या फळीखाली असतो, आणि खंडेनवमीला त्याच्या तिन्ही अँटेनांना कुंकू लागतं. तिथून त्याला खाली आणून मोकळ्या जागी ठेवलं तर घरातल्या निम्म्या तक्रारी संपतील. पण मग तो दिसेल, आणि पाहुणे पाण्याआधी पासवर्ड मागतील.

दुसरी शंका उपलब्धतेची. ही सोय परदेशात असेल, पुण्या-मुंबईत असेल, आमच्याकडे कुठली, असं म्हणण्यात आपल्याला एक शांत समाधान मिळतं. अमेरिकेत टी-मोबाइलने असल्या सेवेची सुरुवात २००७ मध्ये केली हे खरं, आणि आपल्याकडे ती यायला पुढची बारा वर्षं गेली हेही खरं. पण त्यानंतर मात्र घाई झाली. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरापासून सुरुवात केली. जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर सेवा दिली. व्हीआयने डिसेंबर २०२० मध्ये सुरुवात केली तेव्हा पहिल्या सर्कलांत महाराष्ट्र-गोवा होतं. दूरसंचार खात्याच्या नकाशात मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह एक, त्यामुळे राजूर आणि पणजी एकाच सर्कलमध्ये येतात, आणि राजूरला गोव्याशी जोडणाऱ्या मोजक्या सरकारी गोष्टींपैकी ही एक आहे. राहता राहिलं बीएसएनएल; त्यांनी १ जानेवारी २०२६ ला देशभर सेवा सुरू केल्याचं जाहीर केलं. म्हणजे सिम कुठलंही असो, आता कंपनीच्या नावाने बोटं मोडायची सोय उरली नाही. अट एवढीच की फोनमध्ये ती क्षमता हवी आणि घरात चालतं वायफाय हवं. जिओ आणि एअरटेलची सेवा आल्यावर दोन-तीन महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागली आणि सगळा देश घरात बसला. घरात बसून बोलण्याच्या सोयीला याहून चांगला मुहूर्त कुठला ज्योतिषी काढून देणार होता? तरीही त्या काळात लोक गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ आणि झाडाच्या फांदीवर बसून बोलत राहिले. पुरावा म्हणून एवढं पुरे आहे: सोय नव्हती म्हणून वापरली नाही, असं म्हणता येत नाही.

सोय सापडत नाही, ही तक्रार मात्र थोडी खरी आहे. प्रत्येक फोन बनवणाऱ्याने हे बटण वेगळ्या ठिकाणी ठेवलं आहे. कुणी सिमच्या सेटिंगमध्ये, कुणी कनेक्शनमध्ये, कुणी डायलरच्या तीन ठिपक्यांच्या आत, कुणी अशा ठिकाणी की जिथे पोचेपर्यंत माणूस आपण काय शोधत होतो ते विसरून फोनची अक्षरं मोठी करून परत येतो. गावातला कुठलाही नववीतला मुलगा हे काम अर्ध्या मिनिटात करतो. त्यानंतरचा संवादही ठरलेला आहे. ‘काय केलंस रे?’ ‘आजोबा, वायफाय कॉलिंग चालू केलं.’ ‘म्हणजे काय?’ ‘आता घरातून फोन लागेल.’ ‘मग इतके दिवस कुठून लागत होता?’ या प्रश्नाला उत्तर नाही. फोनच्या वरच्या पट्टीत एक नवं चिन्ह उमटतं, ते पाहून आजोबांना व्हायरसची शंका येते, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी ते बंद करतं.

पण फायदा फक्त घास ताटात न ठेवण्याचा नाही. आपलं अर्धं नागरी जीवन आता ओटीपीवर उभं आहे. बँक, आधार, गॅस, विमा, रेल्वे, सगळे आपल्याला ओळखतात ते त्या सहा आकड्यांवरून, आणि ते आकडे साध्या एसएमएसने येतात. एसएमएसला रेंज लागते. त्यामुळे संगणक घरात, वायफाय घरात, खातेदार घरात, आणि ओटीपी रस्त्यावर, असा देखावा तयार होतो. ‘आला का?’ ‘बघून येतो.’ ‘आला का?’ ‘आला, चार सात नऊ...’ ‘थांबा, वेळ संपली. परत पाठवते.’ ‘मग मी बाहेरच थांबू?’ ‘थांबा, पण चष्मा घेऊन थांबा.’ वायफाय कॉलिंगमध्ये, कंपनी आणि फोन यांनी ती सोय दिली असेल तर, हा एसएमएसही वायफायनेच येतो आणि खातेदाराला स्वतःच्या घरात बसून स्वतःचे पैसे भरता येतात. दुसरा फायदा बॅटरीचा. अंधुक रेंजमध्ये फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी पूर्ण ताकद लावतो, म्हणून आतल्या खोलीत रात्रभर नुसता पडून असलेला फोन सकाळी अर्धा झालेला असतो. शेजारच्या खोलीतल्या राउटरशी बोलायला त्याला एवढा आटापिटा करावा लागत नाही.

तिसरा फायदा व्यवहाराचा, आणि भोकरदन तालुक्यात तो विशेष महत्त्वाचा, कारण इथे पिंपळगाव रेणुकाईसारखा मिरचीचा बाजार आहे आणि मिरचीचा भाव दुपारपर्यंत थांबत नाही. मराठीत एकोणचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंतचे सगळे आकडे एकाच शेपटीने संपतात, आणि तुटक्या कॉलमध्ये फक्त शेपूटच ऐकू येतं. ‘आज काय निघाली मिरची?’ ‘...चाळीस.’ ‘चाळीस का बेचाळीस?’ ‘...चाळीस!’ ‘एकोणचाळीस तर नाही ना?’ ‘नाही हो, ...चाळीस!’ या एका उत्तरात दहा भाव मावतात. ऐकणारा सगळ्यांत वरचा भाव धरून गाडी भरतो, सांगणारा सगळ्यांत खालचा भाव धरून वाट पाहतो, आणि वजनकाट्यावर दोघंही आपापल्या ऐकण्यावर ठाम असतात. ब्रॉडबँड ठीक चालत असेल तर वायफाय कॉलमध्ये आवाज स्वच्छ येतो, आकड्याचं डोकं आणि शेपूट दोन्ही येतात. मग भांडण करायचंच असेल तर ते खऱ्या भावावर करता येतं.

आणि मग अंगारकी. संकष्टी मंगळवारी आली की राजूरला दर्शनाची गर्दी लाखांत जाते. जालन्याहून लोक रात्रीच पायी निघतात. एका टॉवरची एका वेळी किती फोन सांभाळायची ताकद आहे याला मर्यादा असते, आणि भक्तीला नसते. त्या दिवशी फोनवर रेंजच्या काड्या चारही दिसतात आणि कॉल एकही लागत नाही. काड्या रेंज किती ते दाखवतात, रांगेत आपल्या पुढे किती जण आहेत ते नाही. आणि किती रेंजला किती काड्या काढायच्या हेही प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. अशा दिवशी गावातल्या घरात वायफायवर असलेला फोन टॉवरच्या रांगेत उभाच राहत नाही. त्याचंही काम होतं आणि रांगेतला एक माणूस कमी होतो. बीएसएनएलची घोषणा १ जानेवारी २०२६ ची, आणि त्या वर्षीची पहिली अंगारकी ६ जानेवारीची; विघ्नहर्त्याच्या गावासाठी जुळून आलेला हा योग कुठल्याही पंचांगात नव्हता. संध्याकाळी तर गरज आणखी वाढते, कारण उपास चंद्र उगवल्याशिवाय सुटत नाही आणि आभाळात ढग असले की घरोघरचे फोन सुरू होतात. ‘निघाला का?’ ‘कोण, बाबा? मघाशीच निघालेत.’ ‘बाबा नाही गं, चंद्र!’ ‘तो कुठं दिसेना. तुमच्याकडं?’ ‘तुमच्याकडं निघाला का म्हणून तर फोन केला!’ चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेली असते, पण एकमेकांना विचारल्याशिवाय साबुदाणा सोडायचा नाही हा आपला रिवाज आहे, आणि रिवाजाला रेंज लागते.

आक्षेप अजून संपलेले नाहीत. ‘व्हॉट्सॲपवर फुकट कॉल होतो की,’ हा सगळ्यांत लोकप्रिय आक्षेप. होतो, पण त्यासाठी दोन्हीकडे इंटरनेट आणि दोन्हीकडे तेच ॲप लागतं. तहसील कार्यालय, दवाखाना, विहिरीवरच्या मोटारीचा मेकॅनिक आणि बटणांचा फोन वापरणारे थोरले मामा यांच्यापैकी कुणालाही व्हॉट्सॲपवर गाठता येईल याची खात्री नसते. ‘वायफायवरून बोललं तर लोक चोरून ऐकतील,’ हा दुसरा. फोन आणि कंपनीची यंत्रणा यांच्यामध्ये हा कॉल कुलूपबंद होऊन जातो. मधल्या राउटरवाल्याला आतलं काही कळत नाही. शिवाय हा आक्षेप बहुधा तो माणूस घेतो जो रस्त्याच्या मधोमध उभा राहून, चुलतभावाच्या जमिनीच्या वाटणीबद्दल, सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत असतो. चोरून ऐकायची वेळच तो कुणावर येऊ देत नाही. ‘लाइट गेली तर?’ हा तिसरा, आणि मराठवाड्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. लाइट गेली की राउटर बंद पडतो. बाहेरची रेंज थोडीफार आत येत असेल तर चालू कॉल टॉवरवर सरकतो, नसेल तर तुटतो. पण राउटरला दहा-बारा वॉटच लागतात. ज्या इन्व्हर्टरवर मालिका बघायला टीव्ही चालतो, त्यावर राउटरही चालेल. प्रश्न विजेचा नाही, प्राधान्याचा आहे.

‘आमच्याकडे वायफायच नाही,’ हा चौथा आक्षेप खरा आहे आणि त्यावर विनोद करण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरात ब्रॉडबँड नाही त्याला हे बटण दाबून काही मिळणार नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, आणि डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी आली, ज्यात किराणा दुकानदारालाही परवाना न घेता वायफाय विकता येतं. कागदावर तर पिवळ्या पीसीओचं पुनरागमन झालेलं आहे. गल्लीत फायबर येईपर्यंत एक घरगुती तोडही आहे. घरातल्या चार सिमांपैकी एखाद्या सिमला खिडकीत रेंज मिळतेच. तो फोन खिडकीत ठेवून त्याचा हॉटस्पॉट चालू करायचा, आणि बाकीच्यांनी त्या वायफायवरून आत बसून बोलायचं. फक्त तो फोन कुणाचा असावा यावर घरात जो वाद होईल, त्याला तंत्रज्ञानाकडे उपाय नाही.

म्हणजे फुकट आहे, उपलब्ध आहे, सुरक्षित आहे, आणि तरी बंद आहे. इथे आपल्याला इतिहासाकडे वळावं लागतं, कारण आपल्या टेलिफोनचा इतिहास हा मूलतः सबबींचा इतिहास आहे. ट्रंक कॉलच्या काळात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते, आणि ‘दिवसभर नंबर लावून बसलो, लाइनच लागली नाही’ ही सबब तिन्ही दरांत चालायची. एसटीडी आली, लाइन लगेच लागू लागली, तेव्हा ‘रात्री दर कमी झाल्यावर करणार होतो, डोळा लागला’ आली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला; त्यानंतरची कित्येक वर्षं इनकमिंगलाही पैसे पडत, त्यामुळे न उचलणं हा काटकसरीचा गुण ठरला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तशी ‘बॅलन्स संपला होता’ ही सबब वर आली आणि मिस्ड कॉल हा राष्ट्रीय शिष्टाचार बनला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, कॉल अमर्याद झाले, आणि बॅलन्सची सबब एका पावसाळ्यात वाहून गेली. प्रत्येक सुधारणेनं एक सबब मारली आहे. आज शिल्लक आहे ती एकच: रेंज नव्हती.

आणि काय सबब आहे ती! तिला खर्च नाही, साक्षीदार लागत नाही, आणि तिच्यात कुणाचाही दोष नाही. भिशीचा हप्ता, वर्गणी, उसने पैसे, मुलीच्या स्थळाची चौकशी, पतसंस्थेतल्या कर्जाला जामीन राहण्याचा आग्रह, या सगळ्यांतून माणसाला सहीसलामत बाहेर काढणारी दुसरी वस्तू बाजारात नाही. ‘परवा तीनदा फोन केला तुम्हाला.’ ‘अहो, राजूरला होतो ना.’ संपला विषय. ऐकणाराही पुढे विचारत नाही, कारण गेल्या आठवड्यात त्यानेही हेच सांगितलेलं असतं. शिवाय या सबबीच्या बाजूने खुद्द मोबाइल कंपनी ग्वाही देते. एक बाई मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, अत्यंत सभ्य आवाजात सांगते की आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता ते नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. वायफाय कॉलिंग चालू केलं की ही बाई साक्षीला येत नाही. आतल्या खोलीत पडलेल्या फोनची रिंग जाते, पूर्ण जाते, आणि जामीन मागणाऱ्याला ती पूर्ण ऐकू जाते. आपल्या समाजाने ही धोक्याची घंटा, तंत्रज्ञानाची एकही ओळ न वाचता, अचूक ओळखली आहे. आजोबांचं ते चिन्ह संध्याकाळी कोण बंद करतं, याचा तपास घरात कोणी करत नाही तो याचसाठी.

याला जोडूनच एक सामाजिक आक्षेपही येतो. माणसं घरात बसून, दार लावून, हळू आवाजात बोलू लागली तर गल्लीचं कसं व्हायचं? आज रस्त्यावरच्या कॉलमुळे कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं फिसकटलं, कुणाच्या मोसंबीला काय भाव मिळाला आणि कुणाच्या सुनेनं काय म्हटलं, हे सगळ्यांना वेळच्या वेळी, विनामूल्य आणि मूळ आवाजात कळतं. हा आक्षेप वजनदार आहे. पण लोकांच्या आवाजाचा अनुभव पाहता काळजीचं कारण दिसत नाही. ट्रंक कॉलच्या काळापासून आपण अंतराच्या प्रमाणात आवाज चढवत आलो आहोत: जालन्याला साध्या, पुण्याला वरच्या आणि अमेरिकेला सगळ्या पट्टीत. मध्ये एवढी यंत्रं बदलली, पट्ट्या बदललेल्या नाहीत. आतल्या खोलीतून केलेला कॅलिफोर्नियाचा कॉल रस्त्यापर्यंत आरामात पोचेल. स्लॅबमधल्या सळया मोबाइलची लहर अडवतात, आत्याबाईंचा आवाज अडवत नाहीत.

राहिला प्रश्न शेवटच्या सबबीचा, आणि इथे विरोधकांनी एक साधी गोष्ट नजरेआड केली आहे. जे बटण दाबून चालू होतं तेच बटण दाबून बंदही होतं. आजवर रेंज नसणं हे स्लॅबच्या, पत्र्याच्या आणि टॉवरच्या मर्जीवर होतं. मुलीचा फोन यायचा तेव्हा ती हमखास गायब, आणि पतसंस्थेच्या वसुलीवाल्याचा यायचा तेव्हा मात्र चारही काड्या उभ्या. या अन्यायावर आपण पिढीभर गप्प राहिलो. वायफाय कॉलिंगने पहिल्यांदाच रेंज असणं आणि नसणं या दोन्ही गोष्टी माणसाच्या अंगठ्याखाली आणून ठेवल्या आहेत. संध्याकाळी सातला लेक फोन करते, तेव्हा चालू. साडेसातला भिशीवाले करतात, तेव्हा बंद आणि फोन आतल्या खोलीत, सळयांच्या स्वाधीन. ती सभ्य बाई तीन भाषांत साक्ष द्यायला हजर होईल. वायफाय कॉलिंगचा हा फायदा एकाही कंपनीने जाहिरातीत छापलेला नाही. छापला असता, तर इतक्या वर्षांत एकही बटण बंद राहिलं नसतं.